‘गांवगाडा’ आणि परभणीकडील वाटणीपत्रें

कै. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. वतनदारीचा भार कुणब्यावर कसा पडतो, याचें इतकें परखड विवेचन मराठींत विरळा. ग्रंथाची ही योग्यता मान्य करूनच त्याच्या एका वापराविषयीं आम्हांस हरकत घ्यावयाची आहे. परभणीकडील देशमुख, देशपांडे, कुळकर्णी घराण्यांचीं दप्तरें उलगडतांना हाच ग्रंथ किल्लीप्रमाणें हातीं घेण्याचा मोह होतो. ही किल्ली त्या कुलपास पुरती लागत नाहीं.

आत्रे हे मुंबई इलाख्याच्या मुलकी खात्यांतले. तेथील वतन १८७४ च्या कायद्यानें बांधलेलें होतें. १८८६ च्या दुरुस्तीनें वतनाच्या वारशांत स्त्रियांस पुरुषांच्या मागें ढकललें. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होती. हे कायदे तेथें लागू नव्हते.

दुसरा भेद मिळकतीच्या जातीचा. १९०१ पर्यंत मनमाड-हैदराबाद लोहमार्ग सेलू, परभणी, पूर्णा या गांवांवरून सुरू झाला. कापसाचा व्यापार वाढला, आणि जिनिंगचे कारखाने, आडत, वकिली, नोकरी यांचा पैसा मध्यम स्थितीच्या घरांत येऊं लागला. हा पैसा वडिलार्जित कीं स्वकष्टार्जित? घरच्या खर्चानें शिकून वकील झालेल्या भावाची कमाई एकट्याची कीं सर्वांची? ब्रिटिश मुलखांत या प्रश्नाचा निकाल १९३० च्या विद्याधनाच्या कायद्यानें विद्वानाच्या बाजूनें लागला. तोही कायदा मोगलाईस लागू नव्हता. वतनाच्या हिशेबानें असा कागद वाचणारास त्यांतील मुख्य तंटाच दिसणार नाहीं.

सर्वांत मोठी हानि विधवेची होते. मिताक्षरेप्रमाणें एकत्र कुटुंबांत निपुत्रिक वारलेल्या पुरुषाचा हिस्सा भावांकडे राही; विधवेस अन्नवस्त्र तेवढें मिळे. तोच पुरुष मृत्यूपूर्वीं विभक्त झालेला असेल, तर विधवा वारस होई, मग ती मालकी हयातीपुरती मर्यादित कां असेना. तिचें सारें भवितव्य वाटणीच्या तारखेवर अवलंबून असे. विधवेस पतीचा हिस्सा देणारा १९३७ चा कायदाहि ब्रिटिश मुलखापुरताच होता. म्हणून परभणीकडील कागदावरची मिति ही केवळ कालनिर्णयाची खूण नव्हे. एका बाईच्या हक्काचा तो पुरावा आहे.

आणि नेमके हेच कागद आम्ही संग्राहक टाकून देतों. १८१८ पूर्वींची सनद रेशमी रुमालांत बांधावयाची आणि शंभर वर्षांनंतरचें वाटणीपत्र ‘अर्वाचीन’ म्हणून रद्दींत घालावयाचें, ही आमची रीत. दोष आत्र्यांचा नाहीं. त्यांनीं आपल्या डोळ्यांसमोरचा गांव लिहिला. दोष, एका मुलखाचा ग्रंथ दुसऱ्या मुलखावर तपासाविना लावणाऱ्या आमचा आहे. यापुढें परभणीकडील दप्तर हातीं आल्यास सनदेइतक्याच काळजीनें वाटणीपत्र उतरून घ्यावें. त्याची मिति, साक्षी आणि अन्नवस्त्राचें कलम गाळूं नये. घराण्याचा मान सनदेंत सांपडेल; घर कसें मोडलें आणि त्याची किंमत कोणीं दिली, हें वाटणीपत्रांतच सांपडेल.