‘मुद्राराक्षसा’तील लटके भांडण

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’ची थोरवी आजवर एकाच अंगाने गायिली गेली आहे. शृंगार नाही, विदूषक नाही, तरीही सात अंक प्रेक्षकाला खिळवून ठेवणारा बुद्धीचा खेळ! यमपट घेऊन दारोदार हिंडणारा निपुणक, गारुड्याच्या वेषातला विराधगुप्त, एकाच धन्याचे असूनही एकमेकांना न ओळखणारे हेर. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी १८८४ साली संपादिलेली या नाटकाची आवृत्ती हाती घेऊन आम्हीही या खेळात अनेकदा रंगलो आहोत. या खेपेस मात्र तिसऱ्या अंकापाशी अडखळलो.

कौमुदीमहोत्सव का थांबविला, असे चंद्रगुप्त चाणक्याला विचारतो. तुझे राज्य सचिवाधीन आहे, तुला कारणे कशाला हवीत, असे आधी उत्तर मिळते. राजा हट्ट धरतो, तेव्हा चाणक्य एकेका कृतीचा जाब देतो. हेरखात्याच्या सूत्रधाराला राजसत्तेने हिशेब विचारावा, असा सबंध नाटकातला हा एकच प्रसंग; आणि तोच लटका! राक्षसाच्या माणसांनी पाहावे म्हणून चाणक्यानेच तो ठरवून दिलेला आहे. आचार्यांशी असे खोटे भांडतानाही आपल्याला पाप लागेल की काय, या धास्तीत बिचारा चंद्रगुप्त आहे.

जाब विचारणारा कोणी नसला म्हणजे काय होते, ते पाचव्या अंकात दिसते. बनावट पत्र, त्यावर राक्षसाची खरी मुद्रा. ते वाचून मलयकेतू आपल्याच पाच मित्रराजांना ठार करवितो. तिघांना खड्ड्यात पुरून, दोघांना हत्तींच्या पायी देऊन. टीकाकार येथे कथानकाच्या गुंफणीची वाखाणणी करतात. ती योग्यच आहे. पण कुलूताचा चित्रवर्मा किंवा काश्मीरचा पुष्कराक्ष यांनी कोणता अपराध केला होता, हे कोणी विचारीत नाही.

असे पत्र केवळ नाटकातच लिहिले जाते असे नव्हे. १९६४ साली अमेरिकेच्या एफबीआयने मार्टिन ल्यूथर किंग यांना निनावी पत्र धाडले. त्याचा रोख त्यांनी आत्मघात करावा असा होता. ते उघडकीस आले सिनेटच्या चर्च समितीमुळे, १९७५ साली. तिच्या पाठोपाठ १९७६ मध्ये सिनेटची कायम देखरेख समिती आली. ब्रिटनने १९९४ साली संसद सदस्यांची समिती कायद्याने नेमली. अशा समित्यांनी सारे दोष सरले असा आमचा भाबडा समज नाही. पण तेथील भांडण निदान लटके नाही.

आपल्याकडे इंटेलिजन्स ब्यूरो १८८७ पासूनचा, ‘रॉ’ १९६८ पासूनची. दोहोंपैकी एकही संसदेच्या कायद्याने निर्माण झालेली नाही. १९८५ चा एक कायदा आहे, पण तो कर्मचाऱ्यांच्या संघटना व भाषणस्वातंत्र्याला बंध घालतो. खात्याच्या अधिकारांना नव्हे. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी लोकसभेत मांडलेले खासगी विधेयक कायदा होऊ शकले नाही. दूरध्वनी चोरून ऐकण्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बंधने घातली खरी. परंतु आज्ञा देणार गृहसचिव आणि ती तपासणार सचिवांचीच समिती. चंद्रगुप्ताच्या सुगांग प्रासादातला तो प्रश्नोत्तरांचा प्रसंग आम्हांस येथे आठवतो.

हेर नसावेत असे म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. आपल्यातल्या कित्येक घराण्यांचे पूर्वज संस्थानी दरबारांत होते. जासुदांवाचून राज्य चालत नाही, हे त्या घरांना कोणी शिकवायला नको. चाणक्यही निःस्पृह आहे. कार्य साधताच तो पद राक्षसाच्या हाती सोपवून शिखा बांधतो. विशाखदत्ताने सारा भरवसा त्या एका माणसाच्या शीलावर ठेवला आहे, आणि नाटकापुरता तो खरा ठरतो. सातव्या अंकात बंदिवान सोडले जातात, चंदनदास नगरश्रेष्ठी होतो. त्या पाच राजांची आठवण मात्र कोणालाच होत नाही.