हिरड्याचे टॅनिन आणि पोलादी स्तंभ

शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या पूर्वेस सह्याद्रीच्या उतारांवर हिरडा वाढतो. त्याच्या फळात टॅनिन विपुल असते, आणि टॅनिनाचे लोखंडाशी असलेले सख्य जुन्या लेखनिकांना चांगलेच ठाऊक होते. हिरड्याच्या काढ्यात हिराकस पडला की काळी शाई तयार होई. किन्हवलीच्या परिसरातील अशा वनोपजाची परीक्षा आज द्रव वर्णलेखनाने करावयाची झाल्यास अर्क ज्या नळ्यांतून दाबाखाली नेला जातो त्या बहुधा अगंज पोलादाच्या असतात. आणि अगंज पोलाद म्हणजे मुख्यतः लोखंडच होय.

त्स्वेट याने विसाव्या शतकाच्या आरंभी काचेच्या नळीत खडूची भुकटी भरून पानांतील रंगद्रव्ये वेगळी केली, तेव्हा हा प्रश्न उद्भवला नव्हता. पुढे उच्च दाब आला आणि त्याबरोबर पोलादही आले. गॅलिक अम्लासारख्या रेणूंत शेजारशेजारी असलेले हायड्रॉक्सिल गट धातूचा अणू चिमट्यासारखा धरतात. परिणामी आलेखावरील शिखराला शेपूट फुटते, त्याचे क्षेत्रफळ घटते, आणि पदार्थ अत्यल्प असल्यास शिखर अजिबात उमटत नाही. स्तंभातील सिलिका अशुद्ध असेल तर तिच्यातील धातूही हेच करतात.

प्रचलित व्यवहारातील सर्वांत आक्षेपार्ह उपाय म्हणजे नमुना पुनःपुन्हा सोडून शिखर स्थिर होईपर्यंत वाट पाहणे. यात दोष जात नाही, झाकला मात्र जातो. धातूच्या मोकळ्या जागा तात्पुरत्या भरतात आणि स्तंभ धुतला की पुन्हा उघड्या पडतात. सकाळचा आकडा व सायंकाळचा आकडा यांत पडलेले अंतर मग फळाच्या माथी मारले जाते!

फॉस्फोरिक अम्लाचा उपयोग त्यामानाने समंजस आहे. आम्ल द्रावणात हायड्रॉक्सिल गटांची धातूवरील पकड सैल होते आणि फॉस्फेट स्वतः लोखंडाच्या पृष्ठभागावर ठाण मांडते. परंतु हे अम्ल बाष्पनशील नसल्यामुळे द्रव्यमान वर्णपटमापकास चालत नाही. म्हणून त्याच्या जागी फॉर्मिक अम्ल घेतले जाते. या अदलाबदलीत जुने संरक्षण गेले, याची दखल पुष्कळदा घेतलीच जात नाही. ईडीटीए परिणामकारक खरे. पण तेही त्या उपकरणास प्रतिकूल, शिवाय यंत्रणेत रेंगाळणारे. नायट्रिक अम्लाने पोलाद धुतल्यास काही काळ गुण येतो. पीक या बहुवारिकाच्या नळ्या धातूरहित असल्या तरी दाब सोसण्यास उण्या, आणि टेट्राहायड्रोफ्युरानात त्या फुगतात. आतून पीकचे अस्तर लावलेला पोलादी स्तंभ, किंवा अलीकडे निघालेले संकरित लेपाचे पृष्ठभाग, हा मार्ग अधिक निर्दोष म्हणावा लागतो. मात्र तो खर्चिक आहे, आणि स्तंभ बदलला तरी पंप, सुई व जोडनळ्या पोलादीच राहिल्या तर अर्धेच काम होते.

टॅनिनाच्या प्रमाणावरून मालाची प्रत ठरणार असेल, तर नळीने गिळलेला अंश रानात फिरून फळे वेचणाऱ्याच्या हिशेबातून वजा होतो. अशा स्थितीत अर्क कोणत्या धातूस स्पर्शून गेला याचा उल्लेख नसलेला आकडा अपुरा मानणे भाग आहे. परीक्षा कठीण नाही. प्रमाण द्रावण उतरत्या मात्रेने सोडावे आणि रेषा शून्यापूर्वीच तळाला टेकते काय ते पाहावे. तशी ती टेकत असेल, तर तेवढा पदार्थ पोलादाने ठेवून घेतला असा संशय प्रथम धरावा, आणि अस्तर लावलेल्या स्तंभावर तीच मात्रा सोडून तो पडताळावा.