कात्रीला गुण कोण देणार?

१९६१ ते १९६३ अशी तीन वर्षं अमेरिकेत ‘पोस्ट’ कंपनीच्या सीरियलसोबत बेसबॉल खेळाडूंची कार्डं मिळायची. ती खोक्यात टाकलेली नसत, खोक्यावरच छापलेली असत. मागच्या पुठ्ठ्यावर चौकटी आखलेल्या. ज्याला कार्ड हवं त्यानं कात्री घ्यायची आणि कापायचं. दर वर्षीचा संच २०० कार्डांचा. आज हीच कार्डं संग्राहक प्लास्टिकच्या कडक पेटीत सीलबंद करून घेतात आणि पेटीवर १ ते १० मधला एक आकडा छापलेला असतो. कार्डाची किंमत बरीचशी त्या आकड्यावर ठरते. माझं म्हणणं एवढंच, की या कार्डांच्या बाबतीत तो आकडा भलतीच गोष्ट मोजतो.

आधी कार्ड नीट बघू. तेव्हा बेसबॉल कार्डांचा मोठा कारभार ‘टॉप्स’कडे होता. पण खेळाडूंशी असलेले त्यांचे करार मुख्यतः गम आणि गोळ्यांसोबत विकायच्या कार्डांपुरते होते. सकाळचा नाश्ता त्यात येत नव्हता, आणि पोस्टनं ती फट बरोबर हेरली. टॉप्सच्या कार्डावर पुढे फोटो, मागे आकडेवारी. पोस्टच्या कार्डाला मात्र ‘मागे’ नव्हतंच, कारण मागची बाजू म्हणजे खोक्याची आतली बाजू, कोरा पुठ्ठा. त्यामुळे फोटो, नाव, संघ, थोडी माहिती आणि आकडेवारी हे सगळं अडीच बाय साडेतीन इंचात एकाच बाजूला बसवावं लागलं. मोबाइलच्या एका स्क्रीनवर सगळं बसवायची कसरत केलेल्या कुणालाही या मांडणीचं कौतुक वाटेल. गर्दी आहे, पण गोंधळ नाही.

दुर्मिळतेची गंमत तर आणखी वेगळी. कुठलं कार्ड कुठल्या सीरियलच्या कुठल्या आकाराच्या खोक्यावर छापायचं, हे ठरलेलं असे. ज्या खोक्याचा खप कमी, त्यावरचा खेळाडू आज दुर्मिळ. म्हणजे एखादा साधारण खेळाडू आज महाग असेल, तर त्यात त्याच्या बॅटपेक्षा तेव्हाच्या पोरांच्या जिभेचा वाटा मोठा. उलट, १९६१ मध्ये ६१ होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडणारा रॉजर मॅरिस आणि त्याचा सहकारी मिकी मँटल यांची कार्डं १९६२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकातल्या जाहिरातीतूनही वाटली गेली.

आता कात्री. टॉप्सचं कार्ड कारखान्यातून पूर्ण होऊन यायचं, पोस्टचं अर्धवट. शेवटचं काम घरातल्या पोरानं करायचं. तेही सीरियल संपेपर्यंत धीर धरून, नाहीतर भोक पाडलेल्या खोक्याबद्दल आईला उत्तर देऊन. म्हणून या कार्डाची वाकडी कड हा मला दोष वाटत नाही. ती त्याच्या घडणीतली शेवटची पायरी आहे.

ग्रेडिंगला हे मान्य नाही. तिथे सरळ कड आणि शाबूत चौकट हवी. कात्री रेषेच्या आत गेली असेल, तर सहसा आकडाही मिळत नाही. ‘अस्सल’ एवढाच शेरा. आता कल्पना करा: न कापलेला जुना पुठ्ठा कुणी आज स्टीलची पट्टी आणि धारदार पातं घेऊन कापला. ते कार्ड १९६२ मध्ये एखाद्या सात वर्षांच्या पोरानं कापलेल्या कार्डाला गुणांत सहज मागे टाकेल. ज्या मुलासाठी हे सगळं छापलं गेलं, त्याचा हात लागलाच नाही हीच त्या कार्डाची गुणवत्ता ठरते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हजारो मैलांवरून विकत घेणाऱ्याला फसवणुकीपासून काहीतरी संरक्षण हवंच. मान्य. पण त्यासाठी वस्तू अस्सल आहे का आणि कशा अवस्थेत आहे, हे सांगणं पुरतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथेही एकदा आकडा ठरला की माणसं काम सोडून आकडा वाढवायच्या मागे लागतात.

शिवाय एकच मोजपट्टी सगळीकडे चालत नाही. १९७० पासून केलॉग्जनं सीरियलच्या खोक्यात थ्री-डी कार्डं टाकली. त्यांच्यावरचं रेघारेघांचं प्लास्टिक काळाच्या ओघात वाकतं, तडकतं. कुणी हात न लावताही. तिथला कमी आकडा सांगतो तो साहित्याचा स्वभाव. पोस्टच्या कार्डावरचा आकडा सांगतो मुलाचा हात. आकडा मात्र एकाच पट्टीवरचा.

अमेरिकी कार्डसंग्रहाला शिस्त लावणारा माणूस जेफरसन बर्डिक. सिराक्यूजमधल्या विजेच्या सामानाच्या कारखान्यातला कामगार, संधिवातानं त्रस्त. त्यानं कार्डांची सूची तयार केली आणि ३०,००० हून अधिक बेसबॉल कार्डं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिली. १९६३ मध्ये तो गेला. त्यानं ती कार्डं अल्बमच्या पानांवर चक्क डिंकानं चिकटवली होती. आजच्या कसोटीवर हा गुन्हाच. पण त्याला कार्डं विकायची नव्हती, लोकांना दाखवायची होती.

ऑनलाइन लिलावात कधी पोस्टचं कार्ड दिसलं, तर आकडा नंतर वाचा. आधी फोटो मोठा करून कडा बघा. कात्री कुठे थांबली, कुठे घसरली, कुठला कोपरा घाईत गेला. हे कार्ड कुणाला तरी मनापासून हवं होतं, याचा पुरावा तिथेच सापडतो.