‘चित्रपट कसे तयार करतात’ : एका त्रुटित फितीचें परीक्षण

ग्रंथकारानें आपल्याच ग्रंथावर टीका लिहिली म्हणजे तिला स्वोपज्ञ टीका म्हणतात. अशी टीका हातीं आली कीं संशोधकास आनंद होतो. परंतु ती कोणत्या पाठावर लिहिली आहे, हें आधीं पाहावें लागतें. कै. धुंडिराज गोविंद फाळके यांनीं १९१७ सालीं काढलेला ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट याच जातीचा आहे. त्याचा कांहीं अंशच आज उपलब्ध आहे. त्यांत फाळके पात्रांस सूचना देतांना, फीत तपासतांना व तिचे तुकडे जुळवितांना दिसतात.

आमची तक्रार लघुपटाविषयीं नसून त्याच्या उपयोगाविषयीं आहे. हीं दृश्यें पुढें करून ‘राजा हरिश्चंद्र’ असा तयार झाला, असें सांगणारे आढळतात. हें मान्य करितां येत नाहीं. तो चित्रपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईस कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांपुढें आला व त्याची घडण दादरास झाली. पुढें फाळके यांनीं आपला कारखाना नाशिकास हलविला. १९१७ सालीं तो तेथेंच होता. मध्यें चार वर्षें लोटलीं, गांव बदललें, हात सरावले. नंतरच्या चित्रावरून आधींच्या घरांतील व्यवहार सिद्ध करणें म्हणजे नातवाच्या हस्ताक्षरावरून आजोबांचें दानपत्र ओळखण्यासारखें आहे.

मूळाची स्थितीही अडचणीचीच. सुमारें ३७०० फुटांच्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें तेवढें उरलें आहे. आणि तींही १९१३ चीं नसून फाळके यांनीं १९१७ त पुन्हां काढलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ याचीं असावींत, असा कांहीं अभ्यासकांचा पक्ष आहे. म्हणजे टीकेचा काल निश्चित, मूळाचा संशयित! पुष्पिका गळालेल्या पोथीस मागाहून कोणी चिकटविलेली चिठ्ठी आपण प्रमाण मानीत नाहीं. फितीसही तोच न्याय लावावा. अंतर्गत पुरावा पाहावयाचा तर १९१३ त रोहिदासाचें काम फाळके यांचा मुलगा भालचंद्र यानें केलें होतें. उपलब्ध रिळांतील मुलगा किती वर्षांचा दिसतो, एवढें जरी कोणी बारकाईनें पडताळलें तरी वादास आधार मिळेल.

मग या त्रुटित फितीचें मोल काय? आमच्या माधवनगराशेजारीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं १८४३ त ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. त्यांच्या ‘नाट्यकवितासंग्रहा’मुळें पदें राहिलीं, पात्रें आयत्या वेळीं जें गद्य बोलत तें मात्र हवेंत विरलें, आणि भावे तालीम कशी घेत तें आतां कोणास पाहतां येणार नाहीं. फाळके मात्र सूचना देतांना प्रत्यक्ष दिसतात. हें भाग्य लहान नव्हे. १९०३ सालीं पुराणवस्तु खात्यांत छायाचित्रकार व नकाशे काढणारा म्हणून राहिलेला हा गृहस्थ. नोंद करून ठेवण्याची संवय त्यास तेथें अधिक जडली असेल, असा आमचा तर्क आहे. त्याच १९१७ च्या नोव्हेंबरांत ‘नवयुग’ मासिकांत त्यांचे लेख येऊं लागले. ते व ही फीत शेजारीं ठेवून वाचावींत.

स्वोपज्ञ टीकेचा दोष असा कीं तींत कर्ता मध्यभागीं बसतो. दादरच्या घरीं कोऱ्या फितीस अंधारांत भोकें पाडण्याचें काम सरस्वतीबाई करीत; त्या श्रमांची हकीकत घरच्यांच्या आठवणींतून मिळवावी लागते. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटानें तें घर मोठ्या गोडीनें रंगविलें आहे. पण तें काव्य आहे, दस्तऐवज नव्हे.

जानेवारी २००३ मध्यें पुण्यांत नायट्रेट फितींच्या सांठ्यास आग लागून पुष्कळ जुना ऐवज गेला. त्यामुळें उरलेल्या नकलांची जबाबदारी वाढली आहे. प्रत्येक नकलेवर वर्ष, स्थळ आणि ती कोणत्या प्रतीवरून उतरली हें लिहिलेलें असावें. आणि हा लघुपट दाखवितांना फाळके यांच्या मुद्रेआधीं ‘१९१७’ हा आंकडा पडद्यावर यावा.