पडलेल्या नाटकांच्या शिव्या

तेरा वर्षांच्या नेट फॉस्टरला राग आला की तो शिव्या देतो. पण त्या शिव्या म्हणजे ब्रॉडवेवर पडलेल्या नाटकांची नावं असतात. त्यानं आणि त्याच्या जिवलग मैत्रिणीनं, लिबीनं, ही पद्धत पाडली आहे. अशा नावांना तिकडे तोटा नाही. 'मूस मर्डर्स' या नाटकाचा पहिला अधिकृत प्रयोग २२ फेब्रुवारी १९८३ला झाला आणि तोच शेवटचा ठरला. 'कॅरी' हे संगीतनाटक १९८८मध्ये पाच प्रयोगांत आटोपलं. वाचताना मी आधी हसलो आणि मग थबकलो. टिम फेडरले या लेखकाच्या नेट-त्रयीचं मर्म या शिव्यांतच आहे, असं मला वाटतं.

'बेटर नेट दॅन एव्हर' (२०१३), 'फाइव्ह, सिक्स, सेव्हन, नेट!' (२०१४) आणि 'नेट एक्स्पेक्टेशन्स' (२०१८) या त्या तीन कादंबऱ्या. फेडरले स्वतः ब्रॉडवेवर नाचलेला माणूस. 'बिली इलियट'मधल्या मुलांच्या नाचाच्या तालमी घेण्याचं कामही त्यानं केलेलं. त्यामुळे ऑडिशनच्या रांगेतली मुलं, त्यांच्याहून जास्त घाबरलेल्या त्यांच्या आया, हे सगळं जवळून पाहिलेलं वाटतं. नेट पेन्सिल्व्हेनियातल्या जँकबर्ग या काल्पनिक गावातला. ठेंगणा, जरा गुबगुबीत, आवाज अजून न फुटलेला. थोरला भाऊ खेळाडू, घरादाराचा लाडका. 'ई.टी.' या चित्रपटावर संगीतनाटक निघतंय असं कळतं तेव्हा नेट घरी न सांगता रात्रीच्या बसनं न्यूयॉर्क गाठतो.

आपल्याला मुलगे आवडतात का, या प्रश्नावर तो पहिल्या पुस्तकात, अजून काही ठरलेलं नाही, असं सांगून विषय बदलतो. शाळेतल्या पोरांनी मात्र ते कधीच ठरवून टाकलेलं असतं. तो सतत विनोद करतो, आणि बहुतेक स्वतःवर. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला याचा कंटाळा आला. दर परिच्छेदाला एक कोटी म्हणजे फारच झालं. पुढे लक्षात आलं की हा मुलगा समोरच्याच्या आधी हसून घेतो आहे. कुणीतरी हसणार हे ठरलेलंच असेल, तर निदान पहिलं हसू आपलं असावं.

म्हणून जिथे विनोद थांबतो ती ठिकाणं पाहावीत. न्यूयॉर्कमध्ये एका क्लबात पुरुष पुरुषांबरोबर नाचताना त्याला दिसतात. त्याला नवल वाटतं ते त्यांना कुणी धमकावत नाही, मारत नाही याचं. तेरा वर्षांच्या मुलाला मार न बसणं हेच नवल वाटावं, यात त्याच्या गावाचं सगळं वर्णन आलं.

दुसऱ्या पुस्तकात तालमी सुरू होतात आणि नेटच्या वाट्याला बदली नटाचं काम येतं. मुख्य भूमिका जॉर्डन रायलन्सकडे. हा त्याचा गावाकडचाच प्रतिस्पर्धी, नीटनेटका आणि शिष्ट. नेटला कुणा गुप्त चाहत्याच्या चिठ्ठ्या येऊ लागतात आणि तो चाहता जॉर्डन निघतो. पहिलं चुंबन इथेच येतं. या पुस्तकाला २०१५चा लॅम्ब्डा पुरस्कार मिळाला. मला आवडलं ते हे की, बदली नट विंगेत उभं राहून दुसऱ्याचं काम पाठ करतो, तसाच नेट इतकी वर्षं इतरांची प्रेमं पाहत आला आहे. आपली एंट्री येईल यावर त्याचा विश्वास नाही. चिठ्ठ्यांचं कोडं जरा सोपं आहे, मान्य. पण वाचक ओळखतो आणि नेट ओळखत नाही, याचं कारण त्याची स्वतःबद्दलची खात्री इतकी कमी आहे हेच आहे.

इथे मला 'बेगम बर्वे' आठवलं. सतीश आळेकरांच्या १९७९च्या या नाटकातला बर्वे कधीकाळी संगीत नाटकांत किरकोळ स्त्रीभूमिका करणारा, आता उदबत्त्या विकणारा. नाटकाच्या आठवणींच्या आडोशानं तो नलावडेबाई होतो, जावडेकराशी त्याचं लग्न लागतं, डोहाळेजेवणही होतं. मग श्यामराव येतो आणि स्वप्न मोडतो. तिथेही आपण हसतो, पण ते हसू बर्व्याच्या हाती नाही. त्याला स्वतःवर विनोद करता येत नाही. आळेकरांचं नाटक फार मोठं आहे, मुलांच्या कादंबरीशी त्याची बरोबरी मी करत नाही. फरक नोंदवतो, कारण त्या फरकाला मी एकदा हातभार लावला आहे.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एका मुलानं नायिकेचं काम केलं होतं. टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी मैदानावर आम्ही त्याचीच वाक्यं, त्याच्याच हातवाऱ्यांसकट, त्याला म्हणून दाखवली. मीही होतो त्यात. पुढल्या वर्षी तो रंगमंचावर आला नाही. त्याच्याजवळ फेकायला एकही कोटी नव्हती.

तिसऱ्या पुस्तकात 'ई.टी.' पडतं. नेट जँकबर्गला परततो, जॉर्डन लॉस एंजेलिसला जातो आणि प्रेम पातळ होत जातं. नेट शाळेत डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चं संगीतनाटक करायला घेतो. रसिकांना तिन्हींत हे पुस्तक फिकं वाटेल. मला ते सर्वांत प्रामाणिक वाटलं. नाटक पडणं ही नाटकवाल्यांच्या जगात रोजची गोष्ट आहे. पडल्यावर दुसरी तालीम लागते. 'पुरेसा मुलगा' होण्यात मात्र एकदा नापास झालं की गावाच्या लेखी फेरपरीक्षा नाही. नेटनं पहिल्या जगाचे नियम दुसऱ्याला लावले, आणि शिव्यांचा उपयोग तिथे होतो.

२०२२मध्ये फेडरलेनंच डिस्नेसाठी चित्रपट केला. त्यात 'ई.टी.'च्या जागी डिस्नेचंच 'लिलो अँड स्टिच' आलं, आणि नेटच्या मनातलं बरंचसं सूचनेवर भागवलं. रुबी वूड हा मुलगा गोड आहे. पण पुस्तकातल्या नेटची धास्ती पडद्यावर उतरत नाही.

पहिल्या पुस्तकातलं एक प्रकरण मराठीत करून पाहावं म्हणून बसलो होतो. शिव्यांपाशी अडलो. ब्रॉडवेची नावं तशीच ठेवली तर कुणी हसणार नाही. म्हणून आपली पडलेली नाटकं शोधायला घेतली. माझ्या कपाटातल्या नाट्यइतिहासांत शतकमहोत्सवांच्या तारखा सापडतात, पाचव्या प्रयोगाला बंद पडलेल्या नाटकांची यादी सापडत नाही. जुन्या नाटकवेड्यांना फोन करून विचारतो आहे. आतापर्यंत सात नावं मिळाली. त्यातली दोन शिवी म्हणून चालतील इतकी खणखणीत आहेत.