दूरान्वय : दोष की नाट्यगुण?

संस्कृत साहित्यशास्त्राने दूरान्वय हा काव्यदोष मानला आहे. परस्परसंबद्ध पदे एकमेकांपासून दूर पडली म्हणजे अर्थबोधास विलंब लागतो, हे त्याचे कारण. ही कसोटी प्राचीन ग्रीक नाटकांस लावली, तर सोफोक्लीज आणि युरिपिडीज पदोपदी दोषी ठरतील. परंतु अर्थबोधाचा विलंब हाच कित्येकदा नाटककाराचा हेतू असतो.

ग्रीक भाषा संस्कृताप्रमाणेच विभक्तिप्रधान आहे. कर्ता कोण आणि कर्म कोणते, हे प्रत्ययांवरून कळत असल्याने पदांचा क्रम बहुतांशी कवीच्या स्वाधीन राहतो. युरिपिडीजचे 'बॅकी' हे नाटक त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. पूर्व ४०५ च्या सुमारास रंगभूमीवर आले. आरंभी डायोनिसस हा देव थीब्ज नगरीत प्रवेश करितो. त्याच्या मुखातील पहिलेच पद 'आलो आहे' या अर्थाचे क्रियापद आहे. मागोमाग आपण झ्यूसचे पुत्र असल्याचा उच्चार, मग थीब्जच्या भूमीचा निर्देश. नाव मात्र दुसऱ्या चरणाच्या आरंभी. आगमन आधी, अधिकार नंतर, नाव शेवटी! ज्या नगरीने त्याचे देवत्व नाकारिले, तिच्याशी होणाऱ्या संघर्षाचे बीज या पदक्रमातच आहे. देव येऊन ठेपला आहे. त्यास ओळखणे वा न ओळखणे एवढेच नगरीच्या हाती उरले आहे.

सोफोक्लीजच्या 'ईडिपस राजा'त वृद्ध मेंढपाळाची जबानी आहे. उलटतपासणी ज्याने जवळून पाहिली आहे, त्यास तिचे कौशल्य विशेष जाणवेल. प्रथम बहुधा प्रश्नास एक चरण व उत्तरास एक चरण अशी चाल आहे. सत्य समीप येताच एकच चरण दोघांत वाटला जातो. राजाचे अर्धे वाक्य साक्षीदारास पुरे करावे लागते. वाक्य तुटते, वृत्त तुटत नाही. आणि साक्षीदारास पळवाट उरत नाही.

ग्रीक नाटके आपल्याकडे बहुधा इंग्रजीच्या द्वारे येतात. इंग्रजी वाक्यात कर्ता सामान्यतः अग्रस्थानी लागतो; म्हणून तेथे डायोनिससला 'मी' पासून आरंभ करणे भाग पडते. मराठीस हे बंधन नाही. आपल्या 'आलो' या एका पदात कर्ता सामावलेला आहे. असे असता जो अनुवादक प्रथम सरळ अन्वय लावून मग भाषांतर करितो, तो विनाकारण परक्या भाषेची अडचण आपल्या भाषेवर लादतो. त्याच्या हाती कथा राहते, नाट्य निसटते.