जानुसमुखी राजा : व्यंगचित्राची साक्ष

फ्रेंच राज्यक्रांतींत सोळाव्या लुईवर निघालेल्या व्यंगचित्रांपैकीं कित्येकांची कल्पना ग्रीक व रोमन पुराणांतून घेतलेली आहे. यांत नवल नाहीं. चौदाव्या लुईनें व्हर्सायच्या वाड्यांत व बागेंत सूर्यदेव अपोलो ठिकठिकाणीं बसविला होता; राजस्तुतीस लाविलेलीं हीं दैवतें क्रांतिकारकांनीं राजनिंदेस लाविलीं, इतकेंच. परंतु दैवतें एका कुळींचीं, म्हणून सर्व चित्रांची साक्ष सारख्या मोलाची धरणें आम्हांस मान्य नाहीं.

इ. स. १७९१ मधील 'राजा जानुस अथवा दोन मुखांचा मनुष्य' हें चित्र घ्यावें. जानुस हा रोमन लोकांचा द्वारदेव. मागचें व पुढचें पाहणारीं त्याचीं दोन मुखें पूज्य मानलीं जात. चित्रकारानें तीं लुईच्या धडावर बसविलीं. एक मुख राज्यघटना राखीन म्हणतें, दुसरें ती मोडीन म्हणतें. देवाचें ज्ञान तें येथें राजाचें कपट झालें. ही निव्वळ शिवी काय? नव्हे. २० जून १७९१ च्या रात्रीं पॅरिसहून पळतांना लुईनें स्वहस्ताक्षरांतील निवेदन मागें ठेविलें व बंदिवासांत आपण केलेल्या सर्व कृत्यांचा त्यांत निषेध केला. व्हारेन येथें तो पकडला गेला, आणि १४ सप्टेंबरास त्याच राजानें घटनेची शपथ घेतली. चित्रांतील आरोपास असा अस्सल कागदाचा आधार आहे.

राणी मारी आंत्वानेतच्या चित्राची गोष्ट निराळी. चिली देशांत सांपडल्याचें सांगून एका कपोलकल्पित प्राण्याचीं चित्रें १७८४ त प्रसृत झालीं होतीं. क्रांतिकाळांत तेंच हार्पीचें, म्हणजे स्त्रीमुखी हिंस्र पक्षिणीचें, रूप राणीस देऊन ती मानवी हक्कांचा जाहीरनामा व राज्यघटना नखांनीं फाडतांना दाखविली. राणीस घटना नको होती, हें तिच्या गुप्त पत्रांवरून सिद्ध होतें, चित्रावरून नव्हे. जानुस राजाची कृति सांगतो. हार्पी राणीची जात सांगते. जिला माणसांतून काढिलें, तिच्यावर कांहींही लादतां येतें. १७९३ च्या आक्टोबरांत तिच्या खटल्यांत पोटच्या मुलासंबंधींचा किळसवाणा आरोप पुढें आला, तो याच वाटेनें.

व्यंगचित्र ही एक प्रकारची बखरच होय. संग्राहकांनीं चित्राच्या टिपणांत केवळ देवतेचें नांव न देतां, त्यांतील आरोप कोणता व तो कोणत्या समकालीन कागदाशीं जुळतो, हेंही नोंदवावें, अशी आमची सूचना आहे.